उगमाचा दाखला

मकरपुरा जीआयडीसी, प्लॉट चारशे बारा.
साडेनऊला मी निर्यातीच्या खोलीचं कुलूप काढते
तेव्हा आत कालच्या शाईचा वास असतो
आणि पितळेच्या भुशाचा.
भुसा माझ्या वेणीतही असतो. रात्री उशीवर चमकतो.

माझं काम सोपं आहे :
जे जातं त्याला नाव द्यायचं.
आठ-चार-आठ-एक, म्हणजे व्हॉल्व्ह.
नग सहा हजार. निव्वळ वजन, ढोबळ वजन,
चढायचं बंदर मुंद्रा, उतरायचं नॉरफोक,
आणि अकराव्या रकान्यात, मूळ देश.

रात्री कुठेतरी एक सही झाली
आणि दोन खोकी भर समुद्रात महाग झाली.
खोक्यांना पत्ता नाही. ती आपली चालली आहेत.
परिमलभाईंनी चहा अर्धा ठेवला,
मला मेल वाचायला लावला, मग पुन्हा एकदा,
जणू दुसऱ्या वेळी आकडा उतरेल.
ओहायोचं गिऱ्हाईक फार सभ्यपणे लिहितं :
वाढीव जकात निम्मी तुम्ही सोसा.
हायफाँगहून भाव आलाय,
नगाला अठ्ठावीस सेंट कमी.
कळावे.

अठ्ठावीस सेंट.
फतेसिंग एका नगाला पॉलिश मारतो
त्याचे त्याला इतके मिळत नाहीत.

दुपारी परिमलभाई म्हणाले, दुबईत एक ओळखीचा आहे,
कागद तिथले होतील, माल आपलाच.
माझ्याकडे बघत नव्हते. रकान्याकडे बघत होते.
मी म्हटलं, भाई, सही तो मारी छे ने.
ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
उठून पंखा एकवर केला.

नियम मला पाठ आहे, पाढ्यासारखा :
वस्तूत शेवटचा मोठा बदल जिथे झाला
तो तिचा मूळ देश.
कारण भंगार पुष्कळदा ओहायोकडचंच असतं,
तिकडच्या पाडलेल्या घरांचे नळ, कड्या, बिजागऱ्या.
एकदा गोणीत नळाची मूठ निघाली,
तिच्यावर इंग्रजीत 'गरम' असं कोरलेलं.
फतेसिंगने ती सायकलच्या किल्लीला अडकवली.
बाकीचं भट्टीत गेलं.
भट्टीतून निघाल्यावर कुणी कुणाला गाव विचारत नाही.

मला विचारतात.
पणजोबा साताऱ्याकडून आले, पागेत नोकरीला.
घोडे गेले, पागा गेली, मोहिते तेवढे राहिले.
दांडिया बाजारच्या आमच्या गल्लीत
पोरं भांडतात गुजरातीत, रडतात मराठीत.
पुण्याच्या आतेबहिणीला मी म्हटलं, मला इथे फावतं,
तर ती खो खो हसली,
अगं, चोराचं फावतं, माणसाला जमतं!
आणि मीही हसले, कारण तिच्या घरी जेवायला बसले होते,
आणि वरणात साखर नव्हती ते बोलायची सोय नव्हती.

शेवटचा मोठा बदल.
कधी झाला, कुणाच्या हाताखाली,
त्या वेळी किती अंश तापमान होतं,
याची नोंद आमच्याकडे नाही.

साडेपाचला फतेसिंग दारात उभा,
बेन, आ महिने ओवरटाइम?
त्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या.
मी म्हटलं, अजून ठरलं नाही.
हे खोटं होतं असं नाही.
निम्मी ओहायोने मागितली परिमलभाईंकडे,
परिमलभाई कुणाकडे मागणार
ते विचारायलाच तो आला होता.

तो गेल्यावर मी अकरावा रकाना भरला,
जो दर वेळी भरते तोच शब्द,
खाली सही, सहीवर शिक्का. अंगठ्याला निळं लागलं.
प्रती चार.
एक गिऱ्हाइकाला, एक बँकेला, एक कस्टमला.
चौथी इथेच फाइलला लागते.
तिला कुठे जायचं नसतं.